संगणकाची निवड, निगा आणि मराठी अक्षर

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादे ग्रंथालय शंभर वर्षे चालते, तेव्हा त्याच्या कपाटांत ग्रंथांबरोबर ग्रंथांची नोंद ठेवण्याच्या रीतींचाही इतिहास साठत जातो. प्रथम टाकाने लिहिलेली दाखल नोंदवही, मग लाकडी खणांतील तालिकापत्रे, मग टंकलिखित यादी आणि गेल्या तीन दशकांत आलेला संगणक, असा हा क्रम बहुतेक जुन्या मराठी ग्रंथालयांत आढळतो. यांतील नोंदवहीची पाने पिवळी पडली तरी ती आजही वाचता येते. संगणकावर पंचवीस वर्षांपूर्वी केलेली यादी उघडून पाहावी, तर पुष्कळदा पडद्यावर रोमन अक्षरांची अर्थहीन गर्दी दिसते. यंत्र चालू आहे, फाइल शाबूत आहे आणि तरीही मजकूर गेला आहे, अशी ही विचित्र अवस्था असते.

संगणक कोणता घ्यावा आणि तो बिघडला तर काय करावे, हे दोन प्रश्न आज घरोघरी विचारले जातात. त्यांची उत्तरे बहुधा किमतीच्या, वेगाच्या आणि आकाराच्या भाषेत दिली जातात. ती उत्तरे चुकीची नसतात, परंतु अपुरी असतात. यंत्राचे आयुष्य पाच-सात वर्षांचे असते, फार तर दहा. त्यात ठेवलेल्या मजकुराला मात्र त्याहून पुष्कळ अधिक जगायचे असते. म्हणून यंत्राची निवड आणि दुरुस्ती या दोन्ही वेळी पहिला विचार आतल्या अक्षराचा व्हावा, इतकेच या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे. पुढील विवेचन त्या दृष्टीने केले आहे.

बालाघाटला या प्रश्नाची एक वेगळी बाजू आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर ही ज्याची राजधानी होती, त्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान होते. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. गोंदिया हाकेच्या अंतरावर असूनही राज्याची सीमा मध्ये आली. कचेरी, न्यायालय, शाळा आणि बाजार यांची लेखी भाषा हिंदी झाली आणि पुढे संगणक आला तोही त्याच बाजारातून आला. ज्या दुकानात यंत्र मिळते तेथे हिंदीची सोय करून दिली जाते. तीच मराठीलाही पुरेल, असा विक्रेत्याचा आणि कित्येकदा ग्राहकाचाही समज असतो. लिपी एकच असल्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. तो कोठे अपुरा पडतो, हे समजण्यासाठी संगणक अक्षर कसे साठवतो याकडे थोडे वळले पाहिजे.

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला संख्या कळते. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि स्मृतीत तो क्रमांक साठवला जातो. पडद्यावर दिसणारी आकृती फाँट नावाची वेगळी व्यवस्था काढून देते. इंग्रजीसाठी हे क्रमांक फार पूर्वीच सर्वमान्य झाले होते. भारतीय लिप्यांसाठी तसे क्रमांक ठरवण्याचे काम कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत ते पुढे वाढले. त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान आले. त्या काळच्या डॉस संगणकात जिस्टचे एक कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटत असे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे प्रमाण जाहीर केले. त्यात अक्षराच्या आकाराला नव्हे, वर्णाला क्रमांक होता. ‘क’ हा वर्ण कोणत्याही जोडाक्षरात आला तरी त्याचा क्रमांक तोच राही.

परंतु मुद्रणव्यवसायाने दुसरा मार्ग धरला. नव्वदच्या दशकात विंडोज आणि पेजमेकर आले आणि पुस्तकांची, स्मरणिकांची जुळणी टेबलावरील संगणकावर होऊ लागली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, बंगळूरच्या सायबरस्केपची ‘आकृती’, हिंदी प्रदेशात सर्वत्र पसरलेला ‘कृतिदेव’ हे त्या काळचे परिचित फाँट. त्यांनी छपाई सुंदर केली, स्वस्त केली आणि गावोगावी नेली. हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांची युक्ती अशी होती की इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणक आपला इंग्रजीच साठवत असे. डोळ्यांना मात्र मराठी किंवा हिंदी दिसे.

कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या स्मृतीत एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरे जातात. पहिले ‘एच’ म्हणजे अर्धा भ, त्यापुढचा ‘के’ म्हणजे त्याचा दंड, दुसरा ‘के’ म्हणजे काना, ‘जे’ म्हणजे र आणि ‘आर’ म्हणजे त. तो फाँट ज्या संगणकात नाही, तेथे ही पाच रोमन अक्षरेच दिसणार. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठतो, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. श्री-लिपीतील मांडणी वेगळी, आकृतीतील त्याहून वेगळी. त्यामुळे एका मुद्रणालयाची फाइल दुसऱ्या मुद्रणालयात परकी ठरू लागली.

ग्रंथालयाच्या दृष्टीने यातून आणखी एक आपत्ती ओढवली. ग्रंथालयाची यादी अकारविल्हे हवी असते. कृतिदेवमध्ये ‘तुकाराम’ हा शब्द रोमन ‘आर’ने सुरू होतो आणि ‘रामदास’ हा ‘जे’ने. संगणकाला क्रम लावायला सांगितले, तर तो इंग्रजी वर्णक्रमाने रामदासांना आधी आणि तुकारामांना नंतर बसवतो. यादी छापून भिंतीवर लावायची असेल तर हे हाताने सुधारता येते. दहा-वीस हजार ग्रंथांच्या यादीत शोध घ्यायचा असेल, तर अशी यादी असून नसल्यासारखी होते.

या गोंधळावर उपाय युनिकोडने केला. जगातील सर्व लिप्यांना एकाच सारणीत कायमचे क्रमांक देणाऱ्या या प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक विभाग आहे आणि त्याची मांडणी इस्कीच्या पूर्वीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकात युनिकोड देवनागरीची सोय झाली. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा याच व्यवस्थेवर उभा आहे. मराठी विश्वकोशाचे खंड आज संकेतस्थळावर शोधता येतात, तेही युनिकोडमुळेच. मोबाइल फोनवर लिहिलेले मराठी आपोआप युनिकोडमध्येच साठते. त्यामुळे नातवाने फोनवर टंकलेला मजकूर सुरक्षित आणि आजोबांनी मुद्रणालयातून जुळवून घेतलेला मजकूर दुर्बोध, अशी उलटी परिस्थिती आज कित्येक घरांत आहे.

आता हिंदीची सोय मराठीला कोठे अपुरी पडते ते पाहू. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्धचंद्राकृती र हिंदीला लागत नाही. ‘ळ’ प्रमाण हिंदीत नाही, म्हणून हिंदी टंकलेखनाच्या शिकवणीत तो बहुधा शिकवलाच जात नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी लोक अ ला चंद्र जोडून किंवा ‘ऍ’ वापरून काम भागवत. तिन्ही रूपांचा उच्चार एक असला तरी संगणकाच्या लेखी ती तीन भिन्न अक्षरे आहेत. एका रूपाने केलेली नोंद दुसऱ्या रूपाने शोधली तर सापडत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती निश्चित केली, पण कित्येक फाँट अजून हिंदी वळणेच दाखवतात. हा शेवटचा दोष डोळ्यांना खटकतो, मजकुराला बाधा आणत नाही. फाँट बदलला की तो जातो. आधीचे दोष मात्र साठवणीत शिरतात.

म्हणून संगणक घेण्यास जाताना खिशात एक ओळ लिहून न्यावी: ‘दुसऱ्या वर्षी बाळूने ऑफिसातल्या ॲल्युमिनियमच्या कपाटात ज्ञानकोश ठेवला.’ पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला हे वाक्य त्या यंत्रावर लिहून दाखवण्यास सांगावे. नंतर तेच वाक्य फोनवर पाठवून तेथे जसेच्या तसे दिसते का ते पाहावे. दिसले, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. फोनवर रोमन अक्षरे दिसली, तर जुना फाँट वापरला गेला आहे. या तपासणीस पाच मिनिटे पुरतात आणि ती कोणालाही करता येते.

लिहिण्यासाठी कळफलकाची निवडही विचाराने करावी. रोमन अक्षरे टंकून देवनागरी मिळवण्याची रीत पत्रव्यवहारास पुरते. ज्याला रोज लिहायचे आहे, त्याने शासनमान्य ‘इनस्क्रिप्ट’ शिकावा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. तोच कळफलक हिंदीलाही चालतो. शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबली की ऱ मिळतो आणि शिफ्टसह ‘एन’ची कळ दाबली की ळ. वेगळी कळपाटी विकत घ्यावी लागत नाही, कारण ही सोय विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीच असते. ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते, एवढेच. बालाघाटच्या मुलाला एका शिक्षणात दोन भाषा लिहिता येतात, हा त्याचा व्यावहारिक लाभ.

यानंतर यंत्राकडे वळावे. कामाचे मोजमाप आधी आणि यंत्राची निवड मागाहून, हा क्रम खरेदीत राखावा. ग्रंथालयाच्या यादीचेच उदाहरण घेऊ. एका ग्रंथाच्या नोंदीत तीनशे चिन्हे धरली आणि युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात हे लक्षात घेतले, तर एक नोंद नऊशे बाइटची होते. वीस हजार ग्रंथांच्या नोंदी १ कोटी ८० लाख बाइटमध्ये, म्हणजे सुमारे १८ मेगाबाइटमध्ये मावतात. कोणत्याही साध्या पेन ड्राइव्हमध्ये अशा शेकडो प्रती राहतील. यादीसाठी भारी किमतीचे यंत्र घेण्याचे कारण नाही. जुन्या ग्रंथांची पाने स्कॅन करायची असतील तर हिशेब बदलतो. एका पानास एक मेगाबाइट धरले तरी तीनशे पानांचा ग्रंथ तीनशे मेगाबाइटचा होतो आणि हजार ग्रंथांस तीनशे गिगाबाइट लागतात. तेथे मोठी साठवण आणि चांगला स्कॅनर यांवर खर्च व्हावा.

घरगुती किंवा कचेरीच्या कामासाठी आज आठ गिगाबाइट रॅम आणि २५६ किंवा ५१२ गिगाबाइटची एसएसडी असलेले यंत्र पुरेसे ठरते. जुन्या, मंद झालेल्या संगणकात फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवली तर तो पुष्कळ वेगाने चालू लागतो. नवीन यंत्र घेण्यापूर्वी हा उपाय विचारात घ्यावा. टेबलावरचा संगणक की लॅपटॉप, या प्रश्नाचे उत्तर जागेवर अवलंबून आहे. एकाच जागी काम असेल तर टेबलावरचा संगणक दुरुस्तीस सोपा आणि सुटे भाग मिळण्यास सुलभ. वीज वारंवार जात असेल तर लॅपटॉपची बॅटरी उपयोगी पडते. वापरलेले यंत्र घेताना बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच पाहावे, साठवण-तबकडीची तपासणी करवून घ्यावी आणि पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. फोन वापरलेला घेत असल्यास त्यावर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून दिसणारा क्रमांक पावतीवरील व खोक्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा.

वॉरंटी किती वर्षांची, एवढेच विचारून थांबू नये. दुरुस्तीस माणूस बालाघाटला येणार की यंत्र नागपूर-जबलपूरला न्यावे लागणार, हे आधी लेखी घ्यावे. दोन वर्षांची घरपोच वॉरंटी तीन वर्षांच्या दूरच्या वॉरंटीपेक्षा अधिक मोलाची ठरू शकते. पक्की पावती घ्यावीच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, मग वस्तू कोठूनही मागवलेली असो. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

आज्ञावलीच्या बाबतीत एक तारीख ध्यानात ठेवावी. विंडोज १० चा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशी यंत्रे भंगारात काढण्याची घाई करू नये. त्यांवर लिनक्स बसवता येते. त्यात मराठी इनस्क्रिप्ट असते आणि लिबरऑफिस हे लेखनाचे साधन विनामूल्य मिळते. ग्रंथालयासाठी तर एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालय न्यासाची जुनी आज्ञावली सन २००० ची तारीख ओलांडू शकणार नव्हती. त्यांनी महागडी नवी आज्ञावली विकत घेण्याऐवजी स्वतःसाठी एक बनवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती चालू केली आणि सर्व जगाला मोकळी दिली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. आज भारतातही अनेक ग्रंथालये ती वापरतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही आज्ञावलीही आपल्याकडे प्रचलित आहे. कोणतीही आज्ञावली निवडली तरी एक अट घालावी: सर्व नोंदी युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या रूपात, केव्हाही बाहेर काढता आल्या पाहिजेत. ज्या आज्ञावलीत नोंदी भरता येतात आणि बाहेर काढता येत नाहीत, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

निगेकडे वळताना प्रथम विजेचा विचार येतो. संगणकाची पुष्कळ दुखणी भिंतीतून येतात. अर्थिंग नीट नसेल तर यंत्राच्या धातूच्या पेटीला हात लागताच झिणझिण्या येतात; अशा वेळी संगणकाच्या दुरुस्तीवाल्याआधी वायरमनला बोलवावे. यूपीएस हे रात्रभर काम करण्याचे साधन नाही. वीज गेल्यावर लिहिलेले जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरता वेळ मिळावा, हा त्याचा हेतू. त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, हा खर्च आरंभीच गृहीत धरावा. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये. तो तापताना इतकी वीज ओढतो की यूपीएस बंद पडतो. पावसाळ्यात वैनगंगेच्या खोऱ्यावर विजा कडाडू लागल्या की खटका बंद करणे पुरेसे नसते. प्लग काढून ठेवावा आणि इंटरनेटची तारही काढावी, कारण वीज त्या तारेनेही आत शिरते.

दुसरे शत्रू धूळ आणि ओल. ग्रंथालयात पुस्तकांची धूळ असतेच. पंख्याच्या जाळीवर ती साचली की यंत्र तापते आणि तापले की मंद होते किंवा अचानक बंद पडते. मुंग्या आणि पाली यांनाही त्या उबेचे आकर्षण असते. सहा महिन्यांतून एकदा, प्लग काढून, मऊ ब्रशने ती झाडावी. सुटीत महिनाभर बंद राहणारे यंत्र पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवावे.

आता प्रत्यक्ष बिघाड. वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्याला चार प्रश्न विचारतो. येथेही तोच क्रम उपयोगी पडतो. काल काय चालत होते? आज काय बदलले? पडद्यावर नेमके काय लिहून आले? एकदा बंद करून पुन्हा सुरू केले का? पडद्यावरील सूचना न वाचता पुसून टाकण्याची सवय फार घातक आहे. तिचे छायाचित्र फोनने घ्यावे आणि मगच पुढे जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने गुण आला ते कळते.

नेहमीची काही लक्षणे आणि त्यांची कारणे सांगता येतील. यंत्रात काहीच हालचाल नसेल, तर तारा दोन्ही टोकांना घट्ट आहेत का आणि त्या सॉकेटला वीज आहे का, हे टेबललॅम्प लावून पाहावे. पंखा फिरतो, पडदा काळा राहतो आणि बीप असा आवाज येतो, तेव्हा पुष्कळदा रॅम जागेवर नीट बसलेली नसते. वीज पूर्ण तोडून, धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत घालवून, रॅम काढावी, तिची सोनेरी टोके मऊ खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवावी. घड्याळ रोज सकाळी काही वर्षे मागे जात असेल, तर मुख्य पट्टिकेवरील नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती अल्प किमतीत मिळते. तिच्याच अभावी बँकेची संकेतस्थळे उघडेनाशी होतात, कारण सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तारखेवर तपासले जाते आणि चुकीच्या तारखेला ते अवैध ठरते. इंटरनेट बिघडले असे समजून लोक भलतीकडेच शोध घेत बसतात.

दोन प्रसंगी मात्र स्वतः काही करू नये. तबकडीतून टक-टक असा आवाज येऊ लागला, तर यंत्र तत्काळ बंद करावे. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे उरलेला मजकूर घालवणे होय. पेन ड्राइव्ह लावताच ‘फॉरमॅट करायचे का’ असा प्रश्न आला, तर उत्तर नेहमी ‘नाही’ असावे. बिघाड यंत्राचा आहे की मजकुराचा, हे प्रथम ठरवावे. यंत्र बाजारात मिळते, मजकूर मिळत नाही. दुरुस्तीवाल्याला यंत्र देताना ‘आतले काही पुसू नये’ हे पावतीवर लिहून घ्यावे.

याच संदर्भात एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना पडद्यावर अचानक झळकते. कोणतीही प्रतिष्ठित कंपनी असे करत नाही. फोन करणाऱ्याला यंत्राचा दूरस्थ ताबा दिला की प्रश्न संगणकाचा न राहता बँकखात्याचा होतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

मजकुराच्या किमान तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक वेगळ्या तबकडीत आणि एक दुसऱ्या इमारतीत किंवा इंटरनेटवरील साठवणीत. एकाच खोलीतल्या तीन प्रती आगीसमोर किंवा पुरासमोर एकच असतात. महिन्यातून एकदा त्या उघडून पाहाव्यात, कारण न उघडलेली प्रत आहे असे समजणे धोक्याचे. जुने यंत्र टाकून देताना तबकडी काढून घ्यावी किंवा रीतसर पुसावी. तीत सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक असतात. उरलेले यंत्र भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावे. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत.

शेवटी पुन्हा त्या न वाचता येणाऱ्या फायलींकडे येऊ. त्या टाकाऊ नाहीत. कोणता फाँट वापरला होता हे कळले, तर तो मजकूर युनिकोडमध्ये उतरवणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. म्हणून जुन्या तबकड्यांबरोबर जुन्या फाँटच्या फायलीही जपून ठेवाव्यात. कुलपाबरोबर किल्ली ठेवण्यासारखे ते आहे. परिवर्तनानंतर रफार, ऱ्य, ळ, वेलांट्या आणि ज्ञ, द्य यांसारखी जोडाक्षरे माणसाने डोळ्यांखालून घालावीत, कारण चुका तेथेच राहतात. फाइल गेली असेल पण छापील प्रत असेल, तर स्कॅन करून मुद्रित मराठी अक्षरे ओळखणारी आज्ञावली वापरता येते. फ्लॉपी किंवा सीडी यांवर असलेला मजकूर मात्र लवकर काढून घ्यावा. ती वाचणारी यंत्रे दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत.

शताब्दीच्या वर्षात ग्रंथालयाने हाती घेण्याजोगे हे काम आहे. गावातील जुन्या मुद्रणालयांत, शिक्षकांच्या घरी, दिवंगत लेखकांच्या कपाटांत श्री-लिपी, आकृती किंवा कृतिदेवमध्ये जुळवलेला मराठी मजकूर पडून आहे. स्मरणिका, वार्षिकांक, कवितांच्या वह्या, कुलवृत्तान्त असे त्याचे स्वरूप असते. ज्या जिल्ह्यात मराठी शासनव्यवहाराची भाषा राहिली नाही, तेथे ती लिखित रूपात कोठे राहिली हे उद्या कोणी शोधू लागले, तर त्याला याच कागदांकडे आणि याच फायलींकडे यावे लागेल. एक साधा संगणक, एक स्कॅनर आणि इनस्क्रिप्ट जाणणारे दोन-चार तरुण सभासद एवढ्या सामग्रीवर हे काम आठवड्यातून एक संध्याकाळ देऊन होऊ शकते. ज्यांच्या घरी अशा तबकड्या असतील त्यांनी त्या ग्रंथालयाकडे आणून द्याव्यात, आणि तीस वर्षांपूर्वी ज्यांनी ती जुळणी केली त्यांना कोणता फाँट वापरला होता ते आत्ताच विचारून लिहून ठेवावे. ही आठवण सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत.